तापीखोऱ्याची फेरी : जळगाव, धुळे, शिरपूर, यावल आणि परत

पर्यटनाच्या नकाशावर खान्देशाचे नाव सहसा आढळत नाही. मुंबई-पुण्याकडील मंडळी अजिंठ्याला जाण्यासाठी जळगाव स्थानकावर उतरतात आणि थेट फर्दापूरचा रस्ता धरतात. धुळे तर बहुतेकांना महामार्गावरील चहाच्या थांब्यापुरतेच ठाऊक असते. तथापि, हाताशी दोन दिवस आणि एक मोटार असेल, तर जळगावहून निघून एरंडोल, पारोळा, अमळनेर, धुळे, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, भुसावळ अशी सुमारे सव्वातीनशे किलोमीटरची फेरी करून पुन्हा जळगावला येता येते. या वाटेवर थंड हवेची ठिकाणे नाहीत, घाटही नाहीत. पाहायचे ते शेतशिवार. दर वीस-पंचवीस किलोमीटरवर पीक बदलते, गावाचा तोंडवळा बदलतो आणि बोलीही बदलते. पीक का बदलले, असे विचारत गेले की उत्तर बहुतेक वेळा पाण्यापाशी येऊन थांबते.

काठावरून वाहणारी, पण हाती न लागणारी नदी

खान्देश म्हणजे मुख्यतः तापीचे खोरे. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतजवळ खंबातच्या आखाताला मिळते. नर्मदा आणि मही यांच्याप्रमाणेच पश्चिमेकडे वाहणाऱ्या द्वीपकल्पातील मोजक्या मोठ्या नद्यांपैकी ती एक होय. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्री आणि मध्ये काळ्या मातीचे विस्तीर्ण मैदान, अशी या प्रदेशाची रचना आहे. इंग्रजी अमदानीत हा सारा मुलूख एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला.

फेरीला निघण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तापीचे पात्र काठच्या जमिनीपेक्षा बरेच खोल आहे. दोन्ही तीरांवर उंच दरडी आणि नाल्यांनी कोरलेल्या घळी आहेत. त्यामुळे विजेचे पंप येण्यापूर्वी या मोठ्या नदीचा काठच्या शेतीला फारसा उपयोग होत नसे. सिंचन झाले ते तिच्या उपनद्यांवर आणि विहिरींवर. अलीकडच्या काळात हतनूर धरण, सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेज आणि उपसा योजना यांच्या साह्याने तापीचे पाणी अडविण्याचे व उचलण्याचे प्रयत्न झाले. परंतु मूळचा भूगोल आजही पिकांतून दिसून येतो.

जळगाव ते पारोळा : गिरणेच्या पलीकडे

जळगाव शहर सोडून धुळ्याच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर बांभोरीजवळ गिरणा नदीचा पूल लागतो. पुलापलीकडे विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. गिरणा नाशिक जिल्ह्यात उगम पावते आणि जळगावच्या उत्तरेस रामेश्वर येथे तापीला मिळते. पावसाळा संपल्यानंतर पुलावरून खाली पाहिल्यास पाण्यापेक्षा उघडे पात्रच अधिक दिसते. वाळूउपशाच्या बातम्यांतून वाचकांना परिचित झालेली नदी ती हीच.

हा रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. २०१० च्या फेररचनेनंतर त्याला ५३ हा क्रमांक मिळाला. सुरत, धुळे, जळगाव, नागपूर यांना जोडणाऱ्या या रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम जळगाव-धुळे टप्प्यात दीर्घकाळ रेंगाळले. रुंदीकरणात दुतर्फाची जुनी कडुनिंबाची आणि चिंचेची झाडे गेली. वेग वाढला, सावली उरली नाही. म्हणूनच शेत पाहायचे असेल त्याने हा महामार्ग शक्य तेथे सोडावा, हे उत्तम.

पाळधीहून उजवीकडे धरणगावचा फाटा फुटतो. मराठीतील निसर्गकवितेला ज्यांनी नवे वळण दिले, त्या बालकवींचा, म्हणजेच त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा, जन्म १८९० मध्ये धरणगावचा. आपण मात्र सरळ एरंडोलकडे जावे. एरंडोलपासून सुमारे दहा किलोमीटरवर पद्मालय हे गणेशस्थान आहे. तेथे एकाच गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन मूर्ती आहेत. देवळासमोरील तळ्यात कमळे फुलतात आणि त्यावरूनच स्थानाला हे नाव पडले. सभोवती झाडी असल्याने सपाट मैदानातील हा तुकडा डोळ्यांना सुखावतो.

एरंडोल ते पारोळा हा पट्टा कपाशीचा. पाऊस पडल्यावर पेरली जाणारी कोरडवाहू कपाशी आणि विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यातच लावली जाणारी पूर्वहंगामी कपाशी, असे दोन प्रकार येथे शेजारी शेजारी दिसतात. ऑगस्टमध्ये गेल्यास दोहोंच्या उंचीतील फरक मोटारीतूनही कळतो. ज्या शेतात कपाशी कमरेपर्यंत आली आहे, तेथे विहीर आहे आणि बहुधा ठिबकही आहे असे समजावे. जी गुडघ्याइतकीच आहे, तिचा मालक आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. ठिबक सिंचन या भागात लवकर रुजले, त्याचे मोठे श्रेय जळगावच्या जैन उद्योगसमूहाला आणि त्याचे संस्थापक भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांना दिले जाते.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला गावाच्या मध्यातच आहे. हरि सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ मध्ये बांधला असे मानले जाते. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी संबंध असलेल्या जहागिरीचे हे ठाणे होते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ही जहागीर जप्त केली आणि किल्ला मोडकळीस आला. आज त्याच्या तटाला बाजारपेठेने वेढले आहे. बुरूज, दगडी तट आणि खंदक मात्र अजूनही पाहता येतात. गावातील बालाजीचे देवस्थान आणि त्याचा रथोत्सव पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.

अमळनेर : गिरणी, शाळा आणि तत्त्वज्ञान

पारोळ्याहून महामार्ग सोडून उत्तरेकडे वळावे. सुमारे वीस किलोमीटरवर बोरी नदीच्या काठी अमळनेर आहे. या वाटेवर दादर पाहायला मिळते. दादर ही खान्देशातील रब्बी ज्वारी होय. पावसाळ्यात भारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावरच ती वाढते. तिला वरून पाणी द्यावे लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुरुषभर उंचीचे हिरवे दादरीचे शेत आणि शेजारी हरभरा, हे येथील कोरडवाहू शेतीचे सर्वांत देखणे रूप म्हणावे लागेल. दादरीची भाकर पांढरी आणि चवीला गोड असते. कडबा जनावरांना उपयोगी पडतो. तरीही नगदी पिकांच्या ओढीने दादरीचे क्षेत्र पूर्वीइतके राहिलेले नाही.

अमळनेर हे तालुक्याचे गाव असले, तरी महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात त्याने बजावलेली कामगिरी मोठी आहे. कापसाच्या जोरावर येथे गिरणी उभी राहिली आणि प्रताप शेठजींच्या दातृत्वातून शिक्षणसंस्था वाढल्या. १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ते ओळखले जाते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही सांभाळत होते. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ हे तिचे मूळ नाव. तीच आजची विप्रो. २ ते ४ फेब्रुवारी २०२४ या काळात ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरले. बोरीच्या पात्रालगतचे सखाराम महाराजांचे मंदिर आणि गावाबाहेरील मंगळग्रह मंदिर येथे भाविकांची गर्दी असते.

अमळनेरच्या उत्तरेस तापीवर पाडळसे येथे निम्न तापी प्रकल्पाचे धरण आहे. त्याचे काम १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेण्यात आले आणि पुढे वर्षानुवर्षे रखडले. नदी जवळून वाहते, पण शेत कोरडे, हा या भागाचा जुना सल आहे. तालुक्यातील प्रत्येक निवडणुकीत हा विषय निघतो.

धुळे : आखीव गल्ल्या आणि पांझरेचे फड

अमळनेरहून नवलनगरमार्गे सुमारे छत्तीस किलोमीटरवर धुळे. मुक्काम येथे करावा. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर खान्देशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. त्याने धुळे हे मुख्यालय ठरवून नवी पेठ वसविली. जुन्या धुळ्यातील सरळ रेषेतील गल्ल्या आजही नावांपेक्षा क्रमांकांनीच ओळखल्या जातात.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळात त्यांची कागदपत्रे आणि जुन्या वस्तूंचा संग्रह आहे. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून जमविलेली रामदासी हस्तलिखिते श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन करून ठेवली आहेत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. अमळनेर आणि धुळे या दोन गावांतील हा दुवा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शेतीच्या दृष्टीने मात्र धुळ्याजवळ पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे फड. वेळ असल्यास सायंकाळी सुरत रस्त्याने कुसुंबा, नेरच्या बाजूस जाऊन यावे. पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूस उगम पावून पूर्वेकडे वाहते, धुळे शहर ओलांडते आणि मग उत्तरेकडे वळून मुडावद येथे तापीला मिळते. या नदीवर तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून गावकऱ्यांनी दगडी बंधारे बांधले. बंधाऱ्यापासून कालवा, कालव्यापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून शेतात जाणारे सारंग आणि जादा पाणी नदीत परत सोडणारे सांडम, अशी ही रचना. पंप नाही, इंजिन नाही. सारे पाणी जमिनीच्या उताराने जाते.

त्याहून महत्त्वाची आहे ती वाटपाची पद्धत. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार मोठे भाग करतात. त्यांपैकी प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका हंगामात एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात भुसार पीक, आणि पुढील वर्षी पिकांची अदलाबदल. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असते. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकट्यादुकट्याच्या वाट्याला येत नाही. पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करीत नाही. गावाने नेमलेला पाटकरी ते करतो. त्यामुळे ‘माझ्या शेताला आधी’ हा तंटाच उद्भवत नाही. पाटकऱ्यावर देखरेखीसाठी हवालदार आणि पिकाच्या राखणीसाठी जागल्या असतो. सरकारी पाटबंधारे खाते अस्तित्वात येण्यापूर्वी कैक पिढ्या ही व्यवस्था गावाच्या पंचांनी चालविली.

नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले, ज्याला त्याला आपल्या सोयीचे पीक घेता येऊ लागले आणि फड मागे पडले. काही बंधारे गाळाने भरले, काहींचे कालवे बुजले. जेथे ही पद्धत टिकून आहे, तेथे ती पाहण्यासाठी जलतज्ज्ञ आणि विद्यार्थी आवर्जून येतात. भारतातील लोकव्यवस्थापित सिंचनाचे उदाहरण म्हणून फडाचा उल्लेख अभ्यासग्रंथांतून नेहमी केला जातो.

सोनगीर ते शिरपूर : तापी ओलांडताना

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आग्रा रस्त्याने निघावे. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३. धुळ्यापासून इंदूरकडील या टप्प्याचा आजचा क्रमांक ५२. वीसेक किलोमीटरवर डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी सोनगीर आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पूर्वापार प्रसिद्ध. स्टील आणि प्लास्टिक आल्यावर तांबट आळीतील ठोक्यांचा आवाज कमी झाला, तरी हंडे, कळश्या आणि बंब यांची दुकाने अद्याप आढळतात. सोनगीरजवळ जामफळ धरण आहे. तापीचे पाणी सुलवाडे बॅरेजमधून उचलून येथवर आणण्याच्या सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेच्या कामाचा शुभारंभ पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १६ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. शिंदखेडा आणि धुळे तालुक्यांतील अवर्षणग्रस्त गावांचे लक्ष या योजनेकडे आहे.

नरडाण्याच्या पुढे सावळदे येथे तापीचा पूल लागतो. सुरक्षित जागी गाडी बाजूस घेऊन येथे नदी अवश्य पाहावी. उंच दरडी आणि त्यांच्यामधून वाहणारे रुंद पात्र पाहिले, की ही नदी काठच्या शेतकऱ्याला सहज का लाभली नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पलीकडे शिरपूर. शैक्षणिक संस्थांमुळे या गावाचा कायापालट झाला आहे. तथापि, गेल्या दोन दशकांत शिरपूरचे नाव राज्यभर झाले ते पाण्यामुळे. भूजल सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून येथे नाले रुंद व खोल करून त्यांवर ओळीने सिमेंटचे बंधारे बांधण्याचे काम हाती घेतले. आमदार अमरीशभाई पटेल यांचे पाठबळ त्यास लाभले. जमिनीखालील पाणी न मुरू देणारे थर खोदून काढायचे आणि पावसाचे पाणी खालच्या थरांत पोचवायचे, हे त्यामागील तत्त्व. कोरड्या विहिरींना पाणी आल्याचे पाहून ठिकठिकाणचे लोक येथे येऊ लागले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला. नाले सरसकट खोल केल्यास खालच्या गावांचे पाणी तुटेल आणि प्रत्येक ठिकाणचा खडक सारखा नसतो, असे आक्षेपही भूजलतज्ज्ञांनी घेतले. दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात. शिरपूर ते चोपडा रस्त्यावर असे खोल केलेले नाले आणि त्यांतील साचलेले पाणी दृष्टीस पडते.

सुरत-बऱ्हाणपूरचा जुना मार्ग

शिरपूरहून पूर्वेकडे वळले की आपण बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागतो. संपूर्ण फेरीतील हा सर्वांत रम्य भाग. डावीकडे सातपुड्याची निळसर रांग सतत सोबत करते आणि उजवीकडे तापीपर्यंत उतरत गेलेली शेते. या बाजूने माणसांची ये-जा फार जुनी आहे. मोगल काळात सुरत बंदरात उतरलेला माल आणि प्रवासी नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे टप्पे घेत बऱ्हाणपूरला आणि तेथून आग्र्याला जात. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी व जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने आपल्या प्रवासवृत्तात या ठाण्यांची नोंद केली आहे.

थाळनेर मुख्य रस्त्यापासून थोडे दक्षिणेला, तापीच्या काठावर आहे. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याचे हे ठाणे. त्या घराण्याच्या कबरी येथे आहेत. किल्ल्याचा बराचसा भाग ढासळला आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज फौजेने हा किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिली. नदीकाठच्या पडक्या बुरुजावरून दिसणारे तापीचे वळण पाहण्यासाठी तरी तेथवर जावे.

हातेड, गलंगी मागे टाकून चोपडा येते. वाटेतील बाजाराच्या गावांत सातपुड्यातून उतरलेले पावरा आणि भिल्ल समाजाचे लोक दिसतात. होळीपूर्वीच्या आठवड्यात डोंगराच्या पायथ्याशी भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल, बासरी आणि नटूनथटून आलेली तरुण मंडळी यांमुळे हे बाजार म्हणजे एक उत्सवच असतो. चोपड्यापुढे अडावदजवळ उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे.

केळीचा पट्टा : हिरवाईची किंमत

अडावदपासून यावल, फैजपूर, सावदा, रावेरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. मे महिन्यात सारा जिल्हा तापलेला असताना हा पट्टा हिरवागार असतो. कपाशी आणि दादरीच्या उघड्या शिवारातून आलेल्या प्रवाशाला एकाएकी वेगळ्याच मुलखात आल्यासारखे वाटते.

केळीच्या लागवडीचे येथे दोन हंगाम. जून-जुलैमध्ये लावलेली ती मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली ती कांदेबाग. पूर्वी बसराई, श्रीमंती या जाती होत्या. आता ऊतिसंवर्धित ग्रँड नैनने बहुतेक जागा व्यापली आहे. बागेच्या कडेने शेवरी किंवा उंच गवताची दाट ओळ दिसते, ती उन्हाळ्यातील उष्ण वारे अडविण्यासाठी. वळवाच्या वादळात उभ्या बागा आडव्या झाल्याच्या बातम्या जवळजवळ दरवर्षी येतात. कटाईच्या दिवसांत घडांनी भरलेले ट्रॅक्टर आणि उत्तर भारताकडे निघालेले ट्रक यांची रस्त्यावर रांग असते. रावेर, सावदा, निंभोरा ही रेल्वे स्थानकेही केळीच्या मालासाठी ओळखली जातात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

केळी येथेच का, याचे उत्तर जमिनीखाली आहे. सातपुड्यावरून येणाऱ्या नद्यानाल्यांनी पायथ्याशी दगडगोट्यांचा थर टाकला आणि त्यापुढे तापीपर्यंत गाळाचा जाड थर साठला. डोंगरावर पडलेले पाणी पायथ्याच्या या गोट्यांतून आत मुरते आणि गाळाच्या थरांत साठून राहते. दक्षिणेकडील कठीण खडकाच्या प्रदेशात असा साठा नाही. या साठ्याच्या बळावरच यावल-रावेरचा शेतकरी वर्षभर पाणी मागणारे पीक घेऊ शकला. हतनूर धरणाच्या उजव्या कालव्याचीही त्यात भर पडली.

परंतु मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसले जाणारे पाणी अधिक झाले. विहिरी आटल्या, त्यांच्या जागी कूपनलिका आल्या आणि त्याही अधिकाधिक खोल जाऊ लागल्या. यावल आणि रावेर तालुक्यांची गणना अतिशोषित भूजलक्षेत्रांत झाली आहे. केळीखालील ठिबक जवळपास सार्वत्रिक झाले, हे खरे. मात्र वाचलेल्या पाण्यावर नवी बाग उभी राहत असेल, तर जमिनीतील शिल्लक वाढत नाही. तापीच्या पुराचे पाणी वळवून सातपुड्याच्या पायथ्याच्या याच गोट्यांच्या थरात मुरवायचे, अशी महापुनर्भरण योजना अनेक वर्षे कागदावर होती. तिच्याबाबत महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांत १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे करार झाला. ती पूर्ण होईपर्यंत या पट्ट्यातील हिरवाई ही साठवणीतून उचल घेऊन टिकविलेली आहे, हे प्रवाशाने विसरू नये. पांझरेकाठच्या फडात पाणी कमी पडले की गाव मिळून पेरा कमी करीत असे. येथे प्रत्येक कूपनलिकेचा मालक स्वतंत्र आहे. दोन दिवसांत या दोन्ही रीती पाहायला मिळतात.

फैजपूरहून परतीची वाट

फैजपूरला थांबण्याचे कारण ऐतिहासिक आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एखाद्या खेड्यात भरले, ते येथे. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि गांधीजी उपस्थित होते. अधिवेशनाच्या जागेची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली. खानदेशातील धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी अपार कष्ट घेतले.

फैजपूर सोडून भुसावळकडे निघाले की बामणोदचा परिसर लागतो. भरिताची वांगी म्हटली की खान्देशी माणसाला हे नाव आठवते. फिकट हिरव्या रंगाचे, मोठ्या आकाराचे हे वांगे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन आहे. येथे कानावर पडणारी बोलीही वेगळी. धुळे-अमळनेरकडे अहिराणी ऐकू येते. यावल-रावेरकडे लेवा गणबोली.

तापी पुन्हा ओलांडून भुसावळ आणि तेथून महामार्गाने नशिराबाद गाठावे. शेवटचा टप्पा महामार्गाने न करता नशिराबादहून भादली आणि आसोदे या गावांवरून जळगावात शिरावे. ५ मे १९१८ रोजी बालकवींचा रेल्वे अपघातात अंत झाला, तो भादली स्थानकाजवळ. आणि आसोदे हे बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे माहेर. त्यांच्या मुखातून आलेली गाणी कवी सोपानदेव चौधरी या त्यांच्या पुत्राने जतन केली. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पेरणी, मोट, विहीर, खळे यांवर रचलेली ही गाणी ज्या शिवारात जन्मली, तेथूनच ही फेरी संपते.

प्रवाशांसाठी माहिती

कसे जाल : जळगाव व भुसावळ ही दोन्ही मध्य रेल्वेची मोठी स्थानके असून मुंबईहून अनेक गाड्या आहेत. मुंबई-पुण्याहून स्वतःच्या मोटारीने येणाऱ्यांनी फेरी धुळ्यापासून सुरू करावी.

अंतरे (सुमारे) : जळगाव-एरंडोल ३० कि.मी., एरंडोल-पारोळा २७, पारोळा-अमळनेर २०, अमळनेर-धुळे ३६, धुळे-शिरपूर ५५, शिरपूर-चोपडा ५०, चोपडा-यावल ४५, यावल-फैजपूर १४, फैजपूर-भुसावळ २२, भुसावळ-जळगाव २७. पद्मालय, नेर आणि थाळनेर यांची अंतरे वेगळी धरावीत.

केव्हा जाल : ऑगस्ट ते जानेवारी हा काळ उत्तम. हिरवे शिवार पाहायचे असल्यास सप्टेंबर, कापसाची वेचणी पाहायची असल्यास नोव्हेंबर आणि दादर पाहायची असल्यास डिसेंबर-जानेवारी. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण याच दिवसांत येतो. माहेरवाशिणी आणि झाडांना बांधलेले झोके पाहायचे असतील, तर ऊन सोसण्याची तयारी ठेवावी.

काय खाल : हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी किंवा पुरी, एरवी शेवभाजी, वरण-बट्टी. मातीच्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे सणावारी किंवा आगाऊ सांगितल्यास मिळतात.

मुक्काम : जळगाव, धुळे आणि शिरपूर येथे सोय होते. मधल्या गावांत ती गृहीत धरू नये.

काळजी : चोपडा-यावल रस्त्यावर हंगामात केळीचे ट्रक व ट्रॅक्टर-ट्रॉल्या मोठ्या संख्येने असतात. पाठीमागे दिवे नसलेल्या ट्रॉल्यांपासून सावध राहावे आणि हा टप्पा अंधार पडण्यापूर्वी पार करावा. बागेत शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. केळीवरील विषाणूजन्य रोगांमुळे शेतकरी धास्तावलेले असतात.